जुन्या फोनात लिनक्स घालण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘अपडेट बंद झालेला फोन अडगळीत टाकू नका, त्यात लिनक्स घाला’ हा सल्ला हल्ली तंत्रज्ञानाच्या सदरांतून आणि व्हिडिओंतून वरचेवर दिला जातो. सल्ला खोटा नाही, पण अर्धवट आहे. जुन्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला की अर्ध्या तासात लिनक्स ही खुली संगणकप्रणाली चढते, तसेच ते फोनवरही चढेल, असा समज त्यातून होतो. मग कोणीतरी उत्साहाने फोन पुसतो आणि हाती काळा पडदा उरतो. फोन पुसण्याआधी काय पाहावे आणि लॅपटॉपवर निमूट चालणारी प्रणाली फोनवर नेमकी कुठे अडते, हे जरा तपशिलात सांगण्यासाठी हे पत्र.

‘अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स कर्नलच तर आहे, मग अडचण कसली?’ हा प्रश्न सर्वांत आधी येतो. कर्नल म्हणजे यंत्राचे भाग हाताळणारा प्रणालीचा गाभा. फोनमधला कर्नल हा चिप बनवणाऱ्याने आणि फोन बनवणाऱ्याने आपापली ठिगळे लावून वेगळा काढलेला फाटा असतो. २०१८ सालचे क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन ८४५ चिपचे फोन ४.९ आवृत्तीच्या कर्नलवर बाजारात आले आणि तो फाटा तिथेच थांबला. ग्राफिक्स आणि कॅमेऱ्याचे बंदिस्त ड्रायव्हर, म्हणजे ते भाग चालवणारे प्रोग्रॅम, अँड्रॉइडच्या ‘बायोनिक’ या सी लायब्ररीसाठी (बाकीचे प्रोग्रॅम जिच्यावर उभे असतात त्या पायासाठी) बांधलेले असतात. डेस्कटॉप लिनक्सचे प्रोग्रॅम ‘जीलिबसी’वर, अल्पाइनसारख्या वितरणात (लिनक्सच्या तयार संचात) ‘मसल’वर चालतात. या लायब्रऱ्यांची भाषा एक नाही.

इथून दोन वाटा फुटतात. एक म्हणजे निर्मात्याचा जुना कर्नल आणि त्याचे ड्रायव्हर तसेच ठेवायचे आणि ‘लिबहायब्रिस’ नावाच्या दुभाष्याकरवी वरच्या लिनक्सशी त्यांची गाठ घालून द्यायची. उबंटू टच आणि सेलफिश या फोनसाठीच्या लिनक्स प्रणाली बव्हंशी या वाटेने जातात. कॅमेरा आणि कॉल लवकर चालू होतात, हा त्याचा फायदा. तोटा असा की कर्नल कायमचा जुन्या आवृत्तीला खिळतो, म्हणजे अपडेट बंद झाल्याची मूळ तक्रार तळाशी तशीच राहते. दुसरी वाट मेनलाइनची, म्हणजे लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स प्रसिद्ध करतात त्या मूळ कर्नलमध्येच त्या फोनचा आधार तयार करण्याची. २०१७ मध्ये सुरू झालेले, अल्पाइनवर आधारलेले पोस्टमार्केटओएस आणि डेबियनवर आधारलेले मोबियन यांचा रोख इकडे आहे. वेळ खूप लागतो, पण दहा वर्षे फोन चालवायचा असेल तर माझ्या मते हीच वाट खरी. पुढचे सारे तिच्याविषयी.

लॅपटॉप सुरू झाला की त्याचे फर्मवेअर (हार्डवेअरमध्येच भरलेले मूळ सॉफ्टवेअर) कर्नलच्या हाती आत काय काय आहे याची यादी देते. पीसीआय आणि यूएसबीवरची उपकरणे तर विचारले की स्वतःच नाव सांगतात. फोनमध्ये टचस्क्रीन, बॅटरी मोजणारी चिप, प्रकाश ओळखणारा सेन्सर अशा बऱ्याच वस्तू आय-टू-सी नावाच्या दोन तारांवर बसवलेल्या असतात आणि तिथे ‘तू कोण?’ असे विचारण्याची सोयच नाही. म्हणून प्रत्येक फोनसाठी एक वर्णन लिहावे लागते. त्याला डिव्हाइस ट्री म्हणतात. टचची चिप कोणत्या पत्त्यावर आहे, तिचा इंटरप्ट (प्रोसेसरला दिलेली हाक) कोणत्या पिनवर येतो, तिला वीज कोणता रेग्युलेटर देतो आणि किती व्होल्टने, हे सगळे त्यात येते. एक पिन चुकली तर टच मुका. व्होल्टेज चुकले तर चिप जळूही शकते, म्हणून हे आकडे अंदाजाने भरायचे नसतात, निर्मात्याच्या कर्नलच्या सोर्समधून उचलायचे असतात. पडद्याचेही तसेच. पॅनेल जागे करण्यासाठी त्याला ठरावीक आदेशांची मालिका ठरावीक अंतराने पाठवावी लागते. निर्मात्याच्या डिव्हाइस ट्रीतून ही मालिका काढून ड्रायव्हरचा सांगाडा तयार करून देणारी अवजारे आहेत, नाहीतर हे काम कोणी हाताने केले नसते.

हे किती बारीक जाते याचा नमुना पोको एफ१ या फोनात दिसतो. एकाच नावाने विकलेल्या या फोनात काहींना तियानमा कंपनीचे पॅनेल आहे, काहींना ईबीबीजीचे. बाहेरून फरक कळत नाही. मेनलाइन कर्नलमध्ये या दोघांसाठी दोन वेगळ्या डिव्हाइस ट्री आहेत. चुकीची निवडली तर फोन आत व्यवस्थित सुरू होतो, पण पडदा काळाच राहतो आणि माणूस समजतो की फोनची वीट झाली, म्हणजे तो कायमचा निकामी झाला.

तेव्हा फोन निवडताना कंपनीचे नाव नंतर, आधी चिप पाहावी. स्नॅपड्रॅगन ८४५ चे वनप्लस ६, ६टी आणि पोको एफ१ हे मेनलाइनवर चांगले मुरलेले फोन आहेत. त्याहून जुन्या, स्नॅपड्रॅगन ४१० च्या फोनांवरही पुष्कळ काम झाले आहे. पाइन६४ चा पाइनफोन आणि प्युरिझमचा लिब्रेम ५ हे तर लिनक्ससाठीच बनवलेले. पोस्टमार्केटओएसच्या यादीत फोनांची प्रतवारी केलेली असते. त्यात ‘टेस्टिंग’ या वर्गात नाव दिसले की हुरळून जाऊ नये. त्याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की कोणीतरी एकदा त्यावर कर्नल सुरू करून दाखवला. प्रत्येक फोनच्या पानावर वाय-फाय, कॉल, आवाज, चार्जिंग, कॅमेरा असा तक्ता असतो, तो ओळीने वाचावा. चार्जिंगची ओळ तर सर्वांत आधी, कारण चार्जरचा ड्रायव्हर तयार नसेल तर फोन चालू असताना बॅटरी पुष्कळदा भरतच नाही.

आता कृती. उदाहरण वनप्लस ६ चे घेतो, कारण त्यात अडखळण्याच्या जागा भरपूर आहेत. मूळ अँड्रॉइड असतानाच फोनचे फर्मवेअर शेवटच्या आवृत्तीपर्यंत नेऊन ठेवावे. या फोनात प्रणालीच्या दोन प्रतींसाठी ए आणि बी असे दोन स्लॉट असतात. दोहोंत वेगवेगळ्या वयाचे फर्मवेअर राहिले तर पुढे वाय-फाय किंवा मोडेम (मोबाइलच्या जाळ्याशी बोलणारा भाग) रुसतो. मग बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना प्रणाली चढवणारा प्रोग्रॅम, अनलॉक करावा. याने फोनवरचा सारा डेटा जातो, विचारून नव्हे तर हमखास. यानंतर रिकव्हरीतून, म्हणजे फोनच्या दुरुस्तीसाठीच्या वेगळ्या अवस्थेतून, ‘मोडेमएसटी१’, ‘मोडेमएसटी२’, ‘एफएसजी’ आणि ‘पर्सिस्ट’ ही चार पार्टिशने (साठवणीचे कप्पे) संगणकावर उतरवून ठेवावीत. फोनची ओळख सांगणारा आयएमईआय क्रमांक आणि रेडिओचे कॅलिब्रेशन यांचा ठेवा त्यांत असतो. तो गेला तर दुसऱ्या फोनमधून आणून भरता येत नाही. ही पायरी बहुतेक मार्गदर्शक व्हिडिओंत गाळलेली असते, याचा राग येतो.

संगणकावर पोस्टमार्केटओएसचे ‘पीएमबूटस्ट्रॅप’ हे साधन बसवून ‘इनिट’ हा आदेश दिला की ते एकेक प्रश्न विचारते: प्रणालीची कोणती शाखा, कोणता फोन, पडद्यावरचे कोणते आवरण. फोनचे नाव सांकेतिक असते. वनप्लस ६ म्हणजे एन्चिलाडा, ६टी म्हणजे फहिता, पोको एफ१ म्हणजे बेरिलियम. मग ‘इन्स्टॉल’ने प्रतिमा, म्हणजे सगळ्या प्रणालीची एक फाइल, तयार होते आणि ‘फ्लॅशर’च्या दोन आदेशांनी आधी मूळ फाइलप्रणाली यूजरडेटा पार्टिशनवर आणि नंतर कर्नल बूट पार्टिशनवर चढतो. शेवटी फास्टबूट या संगणकावरून बूटलोडरला आदेश देणाऱ्या साधनाने ‘डीटीबीओ’ हे पार्टिशन पुसायचे. हे विसरले की फोन लोगोवरच थिजतो. कारण साधे आहे: त्या पार्टिशनमध्ये निर्मात्याच्या डिव्हाइस ट्रीवर चढवायची पुरवणी असते, बूटलोडर ती आपल्या नव्या डिव्हाइस ट्रीवर चढवायला जातो आणि दोहोंचा मेळ बसत नाही.

दुसरी नेहमीची ठेच म्हणजे सेक्टरचा, म्हणजे साठवणीच्या सर्वांत लहान तुकड्याचा आकार. या फोनांतील यूएफएस साठवण ४०९६ बाइटचा सेक्टर मानते, तर संगणकावर सहज तयार केलेली प्रतिमा ५१२ चा. पार्टिशन तक्ता चुकीच्या मापाने लिहिला गेला की कर्नल सुरू होतो, पण आतली पार्टिशने सापडत नाहीत असे सांगून थांबतो. पीएमबूटस्ट्रॅप फोनच्या नोंदीवरून हे माप स्वतः लावतो. हाताने प्रतिमा जोडणाऱ्यांनी मात्र लक्ष ठेवावे. फास्टबूट मध्येच गळपटत असेल तर केबलला दोष देण्याआधी संगणक आणि फोन यांच्यामध्ये यूएसबी २ चा हब घालून पाहावा.

काळा पडदा दिसला तर लगेच हाय खाऊ नये. फोन यूएसबीने संगणकाला जोडलेलाच ठेवावा. संगणकावर नवे नेटवर्क उगवले आणि १७२.१६.४२.१ या पत्त्यावर एसएसएचने (दुसऱ्या यंत्रात शिरून आदेश देण्याच्या सोयीने) आत जाता आले, तर कर्नल ठणठणीत आहे आणि दोष पडद्यापुरता आहे. नेटवर्क आले पण एसएसएच लागत नसेल तर घोटाळा मूळ फाइलप्रणाली जोडण्यात आहे. अशा वेळी प्रतिमेत डीबग-शेलचा हुक घालून पुन्हा चढवावी आणि टेलनेटने आत डोकवावे. नेटवर्कच उगवले नाही, तर कर्नल सुरूच झालेला नाही किंवा यूएसबीपर्यंत पोचण्याआधी पडला. तेव्हा कर्नलचे संदेश थेट बाहेर आणणाऱ्या सिरियल तारेला पर्याय नाही. पाइनफोनमध्ये ही तार हेडफोनच्या भोकातून मिळते. मागचे झाकण काढून सहावा स्विच बंद करायचा, ३.३ व्होल्टचा जोड लावायचा, वेग ११५२००. पाइनफोनची आणखी एक सोय म्हणजे त्याची ए६४ चिप आधी एसडी कार्ड पाहते, त्यामुळे आतली साठवण न पुसता हवी ती प्रणाली कार्डावरून चालवून पाहता येते. शिकायला याहून सोयीचा फोन नाही, वेगाची अपेक्षा मात्र ठेवू नये.

पडद्याच्या लहानपणाचा लोक फार बाऊ करतात. तो प्रश्न बराचसा सुटला आहे. १०८० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर मोजणी तिपटीने केली की प्रोग्रॅमला ३६० पिक्सेल रुंदी दिसते. ग्नोमच्या लिबअद्वैता लायब्ररीवर लिहिलेले आणि केडीईच्या किरिगामीवरचे प्रोग्रॅम त्या रुंदीत स्वतःला घडी घालून बसवतात. फॉश, प्लाझ्मा मोबाइल ही आवरणे वापरण्याजोगी झाली आहेत. मोठ्या संवादचौकटींचे जुने प्रोग्रॅम मात्र कडेने कापले जातात, त्यांना इलाज नाही. जाता जाता: अल्पाइनवरच्या प्रणालीत फॉन्ट मोजकेच येतात. मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर प्रणाली बिघडलेली नाही, नोटो देवनागरी फॉन्ट बसवा.

खरा प्रश्न झोपेचा आहे. लॅपटॉपची झोप सोपी: झाकण मिटले, झोपला, उघडले, उठला. मधल्या वेळात त्याला कोणी हाक मारणार नसते. फोनने खिशात दिवसभर झोपायचे, पण कॉल आला तर दोन-तीन सेकंदांत उठून वाजायचे असते. डेस्कटॉपचे प्रोग्रॅम ‘मी जागाच आहे’ असे धरून लिहिलेले असतात. कोणी दर सेकंदाला उठून घड्याळ पाहतो, कोणी नेटची जोडणी उघडी धरून बसतो. अँड्रॉइडने सुरुवातीपासून उलट रीत घातली: काही काम नसेल तर यंत्र झोपणारच, ज्याला जागे राहायचे त्याने तशी परवानगी घ्यावी.

पाइनफोनमध्ये मुख्य प्रोसेसर झोपला की चिपमधल्याच एका चिमुकल्या प्रोसेसरवर ‘क्रस्ट’ नावाचे फर्मवेअर पहारा देते. मोडेम वेगळा, क्वेक्टेलचा ईजी२५-जी, आणि तो स्वतःच्या प्रोसेसरवर जागा राहतो. कॉल आला की तो एका तारेने मुख्य प्रोसेसरला उठवतो. इथवर ठीक. पण मोडेम आतून यूएसबीने जोडलेला आहे. उठताना ती जोडणी तुटून नव्याने लागली तर मोडेममॅनेजर हा मोडेम सांभाळणारा प्रोग्रॅम त्याला नवे उपकरण समजून पहिल्यापासून ओळख करून घेत बसतो आणि तोवर पलीकडचा माणूस फोन ठेवून देतो. मोडेममॅनेजरला झटपट उठण्याचा एक पर्याय आहे. तो चालू असला की जुनीच ओळख पुढे चालते. कॉल हुकण्याची तक्रार असेल तर आधी हा पर्याय तपासावा.

क्वालकॉमच्या फोनांत झोपेचा प्रकार वेगळा. तिथे कर्नल निवांत अवस्थेत जातो, आणि वीज खरोखर वाचेल की नाही हे प्रत्येक ड्रायव्हरने आपला क्लॉक (चिपला चाल देणारा ठोका) आणि रेग्युलेटर सोडले की नाही यावर ठरते. एकाने जरी धरून ठेवले तरी पडदा बंद, पण चिप जागी, आणि सकाळी बॅटरी संपलेली. याची परीक्षा करता येते. डीबगएफएसमध्ये (कर्नलच्या आतली माहिती दाखवणाऱ्या फोल्डरात) ‘क्यूकॉम स्टॅट्स’खाली ‘एओएसडी’ आणि ‘सीएक्सएसडी’ असे मोजमाप असते. फोन पाच मिनिटे झोपवून उठवल्यावर तिथला आकडा शून्यच असेल तर चिप एकदाही खरी झोपलेली नाही. मग एकेक ड्रायव्हर काढून चोर शोधायचा. हे काम वेळखाऊ आहे आणि दर नव्या कर्नलबरोबर पुन्हा करावे लागू शकते.

गजराची गोष्ट तर अनेकांना सुचतच नाही. डेस्कटॉपचा गजर यंत्र जागे असेल तरच वाजतो. झोपलेल्या फोनला उठवायचे तर हार्डवेअर घड्याळात वेळ लावावी लागते. क्वालकॉमच्या कित्येक फोनांत हे घड्याळ लिनक्सला वाचता येते, पण त्याची वेळ बदलता येत नाही. म्हणून फोन सुरू झाल्यावर १९७० साल दाखवतो आणि तारीख चुकीची म्हणून ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळेही नाकारतो. उपाय म्हणून घड्याळ आणि खरी वेळ यांतला फरक फाइलीत लिहून ठेवला जातो. आपल्या प्रणालीत ती सेवा चालू आहे ना, हे पाहावे. गप्पांच्या प्रोग्रॅमचे निरोपही झोपेत येत नाहीत, कारण कॉल आणि एसएमएस मोडेम उठवतो, नेटवरच्या निरोपासाठी तसे उठवणारे कोणी नसते.

मोडेमची आणखी एक बाजू आहे. स्नॅपड्रॅगनमध्ये मोडेम त्याच चिपमधला स्वतंत्र प्रोसेसर असतो. त्याचे फर्मवेअर कर्नल भरतो, त्याची साठवण ‘आरएमटीएफएस’ ही सेवा पुरवते, इतर फाइली ‘टीक्यूएफटीपीसर्व्ह’ देते. यातली एक सेवा उशिरा सुरू झाली तरी मोडेम कोसळतो, पुन्हा उठतो, पुन्हा कोसळतो. सिमच दिसत नसेल तर सिम काढून घासत बसण्यापेक्षा या दोन सेवा चालू आहेत का ते पाहावे. कॉल लागतो पण दोन्हीकडे शांतता, ही तक्रार वेगळी: तिथे आवाजाची वाट गाण्यांच्या प्रोफाइलवरून कॉलच्या प्रोफाइलवर वळलेली नसते. पाइनफोनचा मोडेम व्होल्टीई (४जीच्या जाळ्यावरून होणारा कॉल) स्वतःच सांभाळतो, पण मेनलाइनवर चालणाऱ्या स्नॅपड्रॅगन फोनांत व्होल्टीईचा आधार अपुरा आहे. जिथे २जी-३जीची जाळी बंद झाली तिथे अशा फोनवरून इंटरनेट चालेल, साधा कॉल लागणार नाही. आणीबाणीचा कॉलही यात आला. म्हणून असा फोन घरातल्या कोणाचा एकमेव फोन करू नये, हे स्पष्टच सांगतो.

कॅमेऱ्याविषयी थोडक्यात. सेन्सरकडून मिळते ते कच्चे चित्र. त्याला रंगरूप देणारा चिपमधला भाग बंदिस्त असल्याने लिबकॅमेरा ही लायब्ररी ते काम सॉफ्टवेअरने करते. चित्र हिरवट, फोन गरम. कागदपत्राचा फोटो निघतो, सणासमारंभाचा काढू नये. बँकेची अ‍ॅप्सही विसरावीत: वेड्रॉइडमध्ये अँड्रॉइडचा डबा लिनक्सच्या आत चालतो, पण फोन मूळ अवस्थेत असल्याची खात्री मागणारी अ‍ॅप्स तिथे चालायला नकार देतात.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग हा खटाटोप कशाला? वाय-फायवर चालणारा, कीबोर्ड जोडता येणारा, वर्षानुवर्षे अपडेट मिळणारा छोटा संगणक म्हणून असा फोन उत्तम आहे. घरचा सर्व्हर म्हणून रात्रंदिवस चार्जरवर ठेवणार असाल तर एवढे करा: ड्रायव्हर सोय देत असेल तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर बांधा आणि पाठ फुगलेली दिसली की त्या क्षणी फोन बंद करून बॅटरी काढा. सतत शंभर टक्क्यांवर आणि उबेत ठेवलेली लिथियम बॅटरी फुगते, त्यात नवल नाही.

आता निर्मात्यांविषयी. कर्नलचा सोर्स देणे लिनक्सच्या जीपीएल या खुल्या परवान्याने त्यांच्यावर बंधनकारकच आहे, आणि बरेच जण तो देतात, इतिहास पुसून एका गठ्ठ्यात का होईना. अडते ते फर्मवेअरपाशी. स्नॅपड्रॅगनमधली अ‍ॅड्रिनो ग्राफिक्स चिप सुरक्षित अवस्थेत सुरू होते आणि तिला बाहेर काढायला निर्मात्याची सही असलेली एक छोटी फाइल लागते. ती नसेल तर सगळे चित्रण मुख्य प्रोसेसरवर पडते आणि फोन रखडत चालतो. मोडेम आणि आवाजाच्या प्रोसेसरच्या फर्मवेअरवरही तशीच सही असते. या फाइली विकलेल्या प्रत्येक फोनात आहेतच, पण त्या पुढे वाटण्याचा परवाना नसल्याने कित्येक फोनांच्या बाबतीत वापरणाऱ्याला त्या आपल्याच फोनच्या पार्टिशनमधून उकरून काढाव्या लागतात. ज्या दिवशी कंपनी एखाद्या मॉडेलची अपडेट थांबवते त्याच दिवशी तिने या सहीच्या फाइली लिनक्स-फर्मवेअर या सामायिक संग्रहात वाटपाच्या परवान्यासह द्याव्यात आणि बूटलोडर खाते, अर्ज, प्रतीक्षा असल्या अटींशिवाय खुला करावा. सही करण्याची गुप्त किल्ली यासाठी कोणाला द्यावी लागत नाही, नवे काही लिहावेही लागत नाही. आपल्या वृत्तपत्राने नव्या फोनांच्या परीक्षणात कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलशेजारी ‘बूटलोडर खुलतो का, कोणत्या अटीवर’ अशी एक ओळ छापायला सुरुवात करावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक